नकाशा आणि नागरिक

नगरपालिकेने रस्ते झाडावेत, दिवे लावावेत, नळाला पाणी सोडावे, एवढीच सर्वसामान्य नागरिकाची तिच्याकडून अपेक्षा असते. शहरातील कोणत्या जमिनीचा वापर कशासाठी व्हावा हे आधी ठरवणे, हेही तिचे कायदेशीर कर्तव्य आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते. महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने हे कर्तव्य नगरपालिका व महानगरपालिकांवर सोपवले. १९९३ साली अंमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली; तिच्यातील पहिलाच विषय नगरनियोजनाचा आहे.

आधी अस्तित्वातील जमीनवापराची पाहणी, मग प्रारूप विकास आराखडा, त्यावर हरकती व सूचना, सुनावणी आणि शेवटी शासनाची मंजुरी, असा हा क्रम आहे. यातील हरकतींचा टप्पा सर्वांत मोलाचा. आणि दुर्दैवाने तोच सर्वांत दुर्लक्षित. नोटीस वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापली जाते, नकाशातील रंग व खुणा जाणकारांनाच उमगतात आणि मुदत तर पाहता पाहता सरते. तरीही नागरिक जागे झाले, तर काय घडते हे मुंबईने दाखवून दिले. २०१५ साली तेथील प्रारूप आराखड्यात अनेक वास्तूंची नोंद चुकीची झाल्याचे लोकांनीच उघडकीस आणले. हरकतींचा पाऊस पडला. अखेर आराखडा नव्याने तपासावा लागला आणि सुधारित आराखड्याला २०१८ मध्ये मंजुरी मिळाली.

आराखडा मंजूर झाला म्हणजे कर्तव्य संपले, असे मानणे हीच खरी चूक होय. समजा, एखादा भूखंड क्रीडांगणासाठी आरक्षित आहे. दहा वर्षांत तो ताब्यात घेतला नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. मालकाची जमीन अनिश्चित काळ अडकवून ठेवणे अन्यायाचे आहे, म्हणून ही तरतूद योग्यच आहे. परंतु पालिकेने अंदाजपत्रकात वेळीच पैसा ठेवला नाही, तर त्याची किंमत मोजतात ती वस्तीतील मुले. मैदानासाठी राखलेल्या जागेवर एकदा इमारत उभी राहिली, की पुढच्या आराखड्यालाही ती जागा परत मिळवून देता येत नाही.