‘ड्यूक’: कर्तृत्वाकडून वारशाकडे

माणसांप्रमाणे शब्दांचाही अधःपात होतो. युरोपातील ‘ड्यूक’ ही पदवी त्याचे बोलके उदाहरण होय. तिचे मूळ लॅटिनमधील ‘डुक्स’ या शब्दात आहे. डुक्स म्हणजे पुढे होऊन नेणारा. संस्कृतातील ‘नी’ धातूपासून सिद्ध झालेल्या ‘नेता’ शब्दाचाही अर्थ हाच. उत्तरकालीन रोमन साम्राज्यात सीमेवरील सैन्याच्या सेनापतीस डुक्स म्हणत. पुढे सरंजामशाहीत जहागिरी वंशपरंपरेने चालू लागल्या आणि त्यांच्यासमवेत ही पदवीही. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने १३३७ मध्ये देशातील पहिला ड्यूक केला, तो स्वतःचा सहा वर्षांचा पुत्र! आपल्या असईच्या रणभूमीवर १८०३ मध्ये मराठ्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली १८१४ मध्ये ‘ड्यूक ऑफ वेलिंग्टन’ झाला, तो नेपोलियनविरुद्धच्या युद्धातील पराक्रमामुळे. त्याच्या वारसांना मात्र तीच पदवी केवळ जन्माने लाभली.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १८ ने शासनास पदव्या देण्याची मनाई केली. अपवाद ठेवला तो सैनिकी व शैक्षणिक सन्मानांचा, म्हणजे कर्तृत्वाने मिळवाव्या लागणाऱ्यांचा. घराण्याच्या नावावर नेतृत्व मागणाऱ्या प्रत्येकास या अपवादाचे स्मरण करून द्यावयास हवे.