वृद्धी आणि हानी

सायंकाळी दुकान बंद केले की आपण ‘दुकान वाढवले’ म्हणतो. नारळ फोडताना तो ‘वाढवतो’; हातातली बांगडी फुटली तरी ती ‘वाढते’. घट या शब्दाचे भय इतके, की तिलाही आपण वाढीचेच वस्त्र नेसवतो.

शास्त्रकारांनी मात्र दोन्ही शब्द सारख्याच निर्भयतेने वापरले. उत्सर्पिणी आणि अवसर्पिणी या कालचक्राच्या दोन अर्धांच्या नावांत धातू एकच आहे: ‘सृप्’, म्हणजे सरकणे. उपसर्ग पालटला की दिशा पालटते. उत्कर्ष आणि अपकर्ष यांचेही तसेच. वृद्धी-हानी ही जोडी निराळी. ‘वृध्’ म्हणजे वाढणे. परंतु ‘हा’ या धातूचा मूळ अर्थ घटणे नव्हे, तर सोडणे. तत्त्वार्थसूत्रात अवधिज्ञानाचे जे सहा भेद मानले आहेत, त्यांतील वर्धमान आणि हीयमान हे याच दोन धातूंपासून आले आहेत.

या अर्थाची प्रचिती मला बँकेत आली. कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाला येणारा प्रत्येक व्यापारी मर्यादा वाढवून मागे. एका वर्षी धान्याचे एक वयोवृद्ध व्यापारी आले आणि म्हणाले, “साहेब, दहा लाखांची मर्यादा सहा लाखांवर आणा.” मी कागदावर ‘व्यवसायात घट’ असा शेरा लिहू लागलो. त्यांनी हात जोडून मला थांबवले. “व्यवसाय घटलेला नाही. परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतले आहे. जेवढे ठरवले तेवढेच करायचे.”

मी लेखणी थांबवली खरी. पण त्या रकान्यात लिहावयास दुसरा शब्द मला सुचेना. अखेर ‘ग्राहकाच्या विनंतीवरून’ एवढेच लिहिले.

आज वाटते, शब्द त्या धातूतच होता. आपल्याकडून हिरावले जाते ती हानी. आपण समजून सोडतो तो त्याग. ताळेबंदात दोहोंचा आकडा एकच दिसेल, मनातली नोंद मात्र परस्परविरुद्ध बाजूंना पडते. कर्मांचा क्षय हे तर आपले ध्येयच. तेथे जितकी घट, तितकी आत्मगुणांची वृद्धी.

येत्या दिवाळीला नवी वही उघडताना ‘यंदा किती वाढले?’ हा प्रश्न आपण विचारूच. त्याखाली आणखी एक ओळ असावी: ‘यंदा स्वतःहून किती सोडले?’