गटार आमचं, टेंडर त्यांचं

दोस्तहो, आधी एक हिशोब करू.

आमच्या वस्तीत गटार झालं. सिमेंटचा रस्ता झाला. समाजमंदिराला रंग लागला. पाटीवर योजनेचं नाव, खाली निधीचा आकडा. दलित वस्ती सुधारायची ही योजना राज्यात १९७४ पासून आहे. म्हणजे माझा बाप जन्मायच्या आधीपासून आमच्या नावावर पैसा निघतोय. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं काढायचं ठरवलं. नाव गेलं, बरं झालं. पण ठेकेदार? तो कुठं गेला नाय. चर खणणारा आमचा, पाटी उचलणारी आमची, बिल उचलणारा मात्र गावातला.

आता कुणी म्हटलं की ठेक्यातही आमचा वाटा राखून ठेवा, की लगेच ओरड. नोकरीत आरक्षण, शिक्षणात आरक्षण, आता धंद्यातही? मग गुणवत्तेचं काय?

अरे, सरकारी कामात आरक्षण आमच्या बापजाद्यांना होतंच की! महारकी म्हणजे दुसरं काय होतं? सांगावा पोचवायचा, साऱ्यासाठी कुळांना चावडीवर बोलवायचं, साहेबाचं ओझं वाहायचं, मेलेलं ढोर ओढायचं. सरकारचं काम आणि गावाचंही काम. निविदा नाय, अनामत नाय, स्पर्धा नाय. शंभर टक्के राखीव, पिढ्यान्‌पिढ्या. मोबदला? वतनाचा तुकडा आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून मागितलेली भाकर. तेव्हा कुणाला गुणवत्ता आठवली नाय. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल आणलं ते ही फुकटची राखीव जागा मोडायला. कायद्यानं ते वतन मोडायला १९५८ साल उजाडलं.

आणि मोडलं ते कागदावर. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा सांगलीत घुसली. पाणी उतरल्यावर घराघरातला, दुकानादुकानातला कुजलेला गाळ काढायला कोण उतरलं, ते आपण डोळ्यांनी बघितलंय. झाडूवरचं आरक्षण अजून कुणी रद्द केलेलं नाय. फक्त मध्ये ठेकेदार आलाय.

साताऱ्याच्या मातीतलीच एक गोष्ट घ्या. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांबरोबर साताऱ्याहून रेल्वेनं मसूरला उतरला आणि जात कळल्यावर गाडीवाला मिळेना, रात्रभर पाणी मिळेना, हे आपल्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. पण पोरं चालली होती कुठं? खटाव तालुक्यात गोरेगावला, वडलांकडं. रामजीबाबा तिथं कॅशियर होते. काम कसलं? दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून सरकार तलाव खोदत होतं, त्या कामावर. सरकारी बांधकामाचा पैसा ज्यांच्या हातून मोजला जात होता, त्यांच्या लेकरांना वाटेत घोटभर पाणी मिळत नव्हतं. पुढं हाच भीमराव व्हाईसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री झाला आणि २९ ऑक्टोबर १९४२ ला त्यानं अस्पृश्यांच्या तक्रारींचं निवेदन दिलं. त्यात नोकऱ्या होत्या, शिष्यवृत्त्या होत्या, आणि सरकारी बांधकामाचे ठेकेसुद्धा होते. आपण नोकरीचं पान वाचलं. ठेक्याचं पान उलटलंच नाय.

आता सरकार म्हणेल, दिलंय की! मार्च २०१२ चा केंद्राचा आदेश बघा. केंद्राची खाती आणि सरकारी कंपन्या यांनी खरेदीतला २० टक्के माल छोट्या उद्योगांकडून घ्यायचा. २०१८ च्या दुरुस्तीनं त्याचे २५ टक्के झाले. ३५८ वस्तू तर निव्वळ छोट्यांसाठीच राखीव. टेंडरचा फॉर्म फुकट, अनामत माफ. आणि त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या मालकांकडून. वाचून छाती फुगते. मग पुढची ओळ वाचा. असे मालक टेंडरला आले नायत, किंवा दरात-अटीत बसले नायत, तर ते ४ टक्के इतर छोट्या उद्योगांकडून भरून काढायचे.

ओळखीचं वाटतंय ना? "योग्य उमेदवार मिळाला नाही." नोकरीतला तोच कावा, फक्त शाई नवी. मग नवल कसलं की आदेश निघाल्यावर कितीतरी वर्षं ही खरेदी एक टक्क्याच्याही आत राहिली. शिवाय हा आदेश माल आणि सेवेपुरता. रस्ता, गटार, इमारत यांची कामं त्यात नाहीत. झेडपीला आणि महापालिकेला तो बांधीलही नाय.

इथं आपल्या राज्यात छोट्या कामांची वाटणी ठरलेली आहे. काही वाटा सुशिक्षित बेकार अभियंत्यांना, काही मजूर सहकारी संस्थांना, उरलेला खुल्या ठेकेदारांना. वाटायला काम वाटप समिती. मजूर संस्था! केवढा सुंदर शब्द. प्रत्यक्षात कितीक संस्थांचे चेअरमन चारचाकीतनं उतरतात, त्यांच्या तळव्याला कधी फावड्याचा घट्टा पडलेला नसतो. आमच्या वाट्याला मजूर हा शब्दसुद्धा राहू दिला नाय.

जतहून पलीकडं गेलं की कर्नाटक. तिथं कायद्यात दुरुस्ती करून ५० लाखांपर्यंतच्या सरकारी बांधकामात अनुसूचित जातींना १७.१५ आणि जमातींना ६.९५ टक्के कामं राखली. २०२३ ला ती मर्यादा १ कोटी केली. पूल पडले का तिथं? आणि ज्यांच्या नावावरून १९७२ ला पँथर उभी राहिली, त्या काळ्या भावांचं बघा. अमेरिकेत रिचमंड शहरात निम्मी वस्ती काळ्यांची, आणि पाच वर्षांत शहराच्या बांधकामाच्या मुख्य ठेक्यांतले ०.६७ टक्के अल्पसंख्याकांना. शहरानं ३० टक्के काम राखलं, तर १९८९ ला सुप्रीम कोर्टानं ते मोडलं. भेदभावाचा पुरावा पुरेसा नाय म्हणे! ०.६७ हा पुरावा नाय, तर पुरावा असतो कसा?

आता आपल्यातल्या लढाऊ मित्रांशी दोन शब्द. ते मला म्हणतात, तू सूतगिरणीतला कामगार, कविता लिहितोस, तू कशाला ठेकेदारांची वकिली करतोस? मनमाडला १९३८ ला बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, विसरलास? विसरलो नाय. आठ तास कापसाचा धुरळा नाकातोंडात घेतो, भांडवलशाही मला पुस्तकातनं शिकायला लागत नाय. आपल्या जातीचा ठेकेदार झाला की मजुराला पुरी मजुरी देईल, असंही मला वाटत नाय. तोही पीएफ खाईल, खाणारच. म्हणून मी म्हणतो, पहिला हक्क काम करणाऱ्यांच्या संस्थेला द्या. जी बाई रस्ता झाडते तिच्या संस्थेला झाडायचा ठेका. किमान वेतन आणि हजेरी उघड्या फळ्यावर. पण दोन शत्रू सांगितले म्हणून ठेक्याचं मैदान एका शत्रूला सोडून घरी बसायचं, हे बाबासाहेबांनी कुठं सांगितलं?

आणि जे घरी बसले नायत, त्यांचं काय चाललंय तेही लिहितो. माझा मावसभाऊ फॅब्रिकेशन करतो. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी दोन्ही हात भाजलेले. शाळेच्या बाकांचं टेंडर भरायला एका ऑफिसात गेला. तीन वर्षांची उलाढाल दाखव म्हणाले. उलाढाल कशी दाखवणार? काम दिलं तर उलाढाल होणार ना! परत आला. आठ दिवसांत एक बडा ठेकेदार घरी. चहा प्यायला. आमच्या घरात त्यानं पहिल्यांदाच चहा घेतला, मावशी त्यातच खूश. म्हणाला, कागदावर ५१ टक्के तुझे, भांडवल माझं, तू फक्त सह्या कर, महिन्याला घरपोच पाकीट येईल.

जातीचा दाखला भाड्यानं. बापजाद्यांनी ढोरं ओढली ती त्या दाखल्याच्या व्याजावर ह्यानं बंगला बांधायचा!

मी भावाला शिव्या घातल्या. तो शांतपणे म्हणाला, "दादा, दुकानाचं भाडं तू भरतोस का?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाय. त्यानं सही केलेली नाय, पण कागद कपाटात आहे, आणि बँकेचा हप्ता दहा तारखेला.

मी एक अर्ज लिहून ठेवलाय, माहितीच्या अधिकारातला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलंय. एवढंच विचारलंय, गेल्या पाच वर्षांत आमच्या वस्तीच्या नावावर झालेली कामं कुणाकुणाला दिली, रक्कम किती, आणि काम वाटप समितीच्या यादीत मजूर संस्थांची नावं कोणती. रविवारी माझी पहिली पाळी तीनला सुटते. समाजमंदिरात या. आपापल्या वस्तीचा अर्ज तिथंच लिहू. तिकिटाचे दहा रुपये ज्याचे त्यानं आणायचे.