लाटेवर मावशी

रायपूरकरांचा समुद्र म्हणजे पुरी. गाडीत बसायचं, दशम्या आणि लसणाची चटणी खाऊन झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी जगन्नाथाच्या गावात उतरायचं. लग्नानंतरची आमची पहिली सहल तिथलीच. तेव्हापासून गुडघाभर पाण्यात उभं राहून सगळ्यांच्या चपला आणि पाकिटं सांभाळणं हे माझं ठरलेलं काम.

यंदा पुण्याचा भाचा सोबत होता. वय सतरा आणि काखेत मऊ फेसाची सर्फिंगची फळी. कर्नाटकात मुळकीला २००४ साली मंत्रा सर्फ क्लब सुरू झाला, तिथे चार दिवस शिकून आलेला. "मावशी, २०२१ला टोकियो ऑलिंपिकमध्ये होता हा खेळ," असं त्याने गाडीतच दोनदा ऐकवलं होतं.

दुपारी उतरलो पाण्यात. लाटा जेमतेम कमरेएवढ्या, त्याही वेड्यावाकड्या. पार दक्षिणेच्या महासागरातून निघालेली लाट लांबरुंद आणि शिस्तीची असते म्हणे. पण दुपारी समुद्रावरून वारा सुटला, की जवळच्या जवळ आखूड लाटा उठतात आणि सगळी घडी विस्कटते. त्यात पुरीचा किनारा उतरता. लाट अगदी काठाशी येऊन आपटते आणि परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. आणि गर्दी! भाड्याच्या ट्यूबा घेतलेली पोरं, एकमेकींचे हात धरून उभ्या राहिलेल्या बायका, मागे उंट आणि शहाळीवाले.

एका लाटेवर एकानेच स्वार व्हायचं, लाट जिथे आधी फुटते तिथे जो जवळ असेल त्याचा हक्क पहिला, असा या खेळाचा नियम. पण ट्यूबवाल्या पोरांना तो कोण सांगणार? भाचा एकदा उभा राहिला, दुसऱ्यांदा पडला. पायाची दोरी सुटली आणि लाटेने फळी उचलून थेट आजोबांचं बोट धरून उभ्या असलेल्या एका चिमुरडीकडे फेकली.

मी ओरडलेसुद्धा नाही. आवाजच फुटला नाही.

मध्ये हात घातला तो एका नुलियाने. डोक्यावर वेताची निमुळती टोपी घालून लोकांना समुद्रस्नान घडवणारे हे कोळी. पिढ्यान् पिढ्या हाच समुद्र वाचत आलेले. त्याच्या मनगटावर चांगलाच वळ उठला. आजोबा संतापून बोलले, ते योग्यच होतं. मीही माफी मागितली आणि फळी गुंडाळायला लावली. मऊ असली तरी आंघोळीच्या गर्दीत फळी नकोच, हे माझं मत आजही आहे.

"बाबू, इथे नाही," नुलिया म्हणाला. "पहाटे या, मोकळी जागा दाखवतो."

पहाटे वारा पडलेला होता. नुलियाने आधी दहा मिनिटं नुसतं पाण्याकडे बघायला लावलं. पाणी आत कुठे ओढतंय ते दाखवलं. तिथे सापडलात, तर किनाऱ्याकडे झुंजू नका, काठाला समांतर पोहत बाहेर पडा, म्हणाला. फळी लाटेसमोर आडवी धरायची नाही, बाजूला धरून टोक लाटेकडे ठेवायचं, हे भाच्याने शिकवलं. मला! कारण तोवर चपला आणि पाकिटं ह्यांच्या हातात गेली होती.

पोहता येत नाही, म्हणून कमरेएवढ्याच पाण्यात फळीवर पालथी पडले, नुलिया शेजारीच. फुटून आलेल्या फेसाने मला उचललं आणि पंधरावीस पावलं नेऊन वाळूत सोडलं. पंजाबी ड्रेसच्या खिशात मूठभर वाळू, नाकात खारं पाणी.

परतीच्या गाडीत डोळे मिटले, की बर्थ वरखाली होत होता. ह्यांनी विचारलं, "चक्कर येतेय का?"

"नाही," मी म्हटलं आणि कूस बदलली.