भांडण आणि मागणी यांत भेद करा

सीमाप्रश्नाविषयी इंग्रजीत लिहिण्याची वेळ आली की ‘अ‍ॅट लॉगरहेड्स’ हा शब्दप्रयोग सर्रास वापरला जातो. तो शुद्ध लिहावा, हे तर खरेच. ‘लॉगरहेड’ असे एकवचन किंवा आधी ‘अ‍ॅट’ऐवजी ‘इन’ घालणे ही चूकच आहे. परंतु व्याकरण सांभाळूनही हा प्रयोग चुकीच्या जागी पडतो, आणि ती चूक आपल्याला अधिक महाग पडते.

‘लॉगरहेड’ म्हणजे जुन्या इंग्रजीत मठ्ठ डोक्याचा माणूस. आज या प्रयोगातून दोन तुल्यबळ पक्ष आपापल्या हट्टाला पेटल्याचे चित्र उभे राहते. बेळगावप्रश्नी महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्याविषयी तो शोभतो. महाजन आयोगाचा १९६७चा अहवाल महाराष्ट्राने फेटाळला, कर्नाटकाने उचलून धरला. २००४ पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे.

नार्नूरच्या मराठी भाषकाचे तसे नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेला, नार्नूर आंध्र प्रदेशात राहिले आणि २०१४ मध्ये तेलंगणात आले. ती रेघ येथील शेतकऱ्याने आखलेली नाही. तो आपल्या मुलासाठी मराठी शिकवणारा शिक्षक मागतो, तेव्हा कोणाशी भांडत नसतो. भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्याने झटावे, असे राज्यघटनेचा ३५०-अ हा अनुच्छेदच सांगतो.

एका शब्दाने काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते ते असे : भांडण म्हटले की मध्यस्थ तडजोड सुचवतो, आणि हक्काच्या मागणीत तडजोड म्हणजे हक्कालाच कात्री. शिवाय बाजाराच्या दिवशी गोंडी, बंजारा, तेलुगू आणि मराठी एकाच पारावर बोलणाऱ्या शेजाऱ्यांत नसलेले वैर आपणच कागदावर उतरवतो.

आपली मराठी याबाबतीत अधिक डोळस आहे. न्यायालयात चालतो तो वाद, गावात मिटतो तो तंटा, सुटता सुटत नाही तो तिढा, जुना स्नेह तुटतो ते वितुष्ट. मागणी यांपैकी काहीच नव्हे. सीमाबांधवांनो, निवेदन कोणत्याही भाषेत लिहा. पण राज्यांच्या भांडणाला भांडण म्हणा आणि आपल्या मागणीला मागणीच म्हणा.