मुक्याचा अपराध
पाळलेले लहानसे कुत्रे एकाएकी घरात घाण करू लागले, की आपला हात प्रथम छडीकडे जातो. मीही तो उगारला आहे; पण तो अन्याय होता. मूत्राशयाचा दाह, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा वार्धक्य यांमुळेही असे घडते. भोपाळच्या श्रावणातील संततधारेत बाहेर पडण्यास ते कचरतेही. म्हणून प्रथम त्यास जहांगीराबादच्या सरकारी पशुचिकित्सालयात दाखवावे. पिण्याचे पाणी तोडू नये. सकाळी उठताच, खाण्यानंतर व निजण्यापूर्वी त्यास बाहेर न्यावे; तेथे विधी उरकताच शाबासकी द्यावी. माराने कुत्रे शिकत नाही. लपून घाण करू लागते. १९६० च्या कायद्याने प्राण्यास मारहाण करणे गुन्हा ठरविले आहेच. परंतु मुक्या जिवाचे दुखणे ओळखण्यास कायदा कशाला हवा?