कुंपणाने फुलपाखरू वाचले नाही

वाचकहो, घरातली एखादी वस्तू नाहीशी झाली की आपण आधी चोर शोधतो. इंग्लंडमध्ये एका फुलपाखराच्या बाबतीत असेच झाले. ही हकिकत मुलांना जवळ बसवून वाचून दाखवावी अशी आहे.

‘लार्ज ब्ल्यू’ हे त्याचे नाव. रंग निळा, पुढच्या पंखांवर काळे ठिपके. पंख पसरले तरी जेमतेम दोन इंच भरतात. जून-जुलैत मादी माळावरच्या रानटी थाइमच्या कळ्यांवर एकेक अंडे घालते. थाइम म्हणजे जमिनीलगत पसरणारे, ओव्यासारख्या वासाचे झुडूप. अंड्यातून निघालेली अळी दोन-तीन आठवडे त्याची फुले खाते आणि एके संध्याकाळी खाली उतरते. तिच्या अंगातून गोड थेंब पाझरतो. लाल मुंगी तो चाटते आणि अळीला आपलेच पिल्लू समजून वारुळात नेते. तिथे ही पाहुणी कित्येक महिने मुंग्यांचीच पिल्ले खाऊन पोसते! वारुळातच तिचा कोष होतो. पुढच्या उन्हाळ्यात फुलपाखरू रांगत बाहेर येते आणि पंख पसरते.

ही फुलपाखरे कमी होऊ लागली तेव्हा ती पकडून जमवणाऱ्या हौशी लोकांवर ठपका आला. एका माळाला तर कुंपणच घातले. माणसे बाहेर राहिली, पण चरणारी जनावरेही बाहेर राहिली. तिथले फुलपाखरू संपले. पुढे १९५० च्या दशकात साथीने ससे मेले, आणि इतर माळांवरही गवत माजले.

जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात वर्षानुवर्षे माळावर बसून खरे कारण शोधले. ही अळी एका ठरावीक जातीच्या लाल मुंगीकडेच नीट जगते. त्या मुंगीला उबदार माती लागते. गवत बोटभर वाढले तरी माती गार पडते आणि मुंगी नाहीशी होते. तिच्यामागे फुलपाखरूही जाते.

कारण कळले, पण उशीर झाला होता. १९७९ साली हे फुलपाखरू ब्रिटनमधून नामशेष झाले. मग माळांवर पुन्हा जनावरे चारली, मुंग्या वाढल्या. १९८३ पासून स्वीडनमधून हीच जात आणून सोडली. आज ती तिथे पुन्हा उडते आहे.

कुंपण घालणाऱ्यांची तळमळ खोटी नव्हती. पण तळमळीला अभ्यासाची जोड नव्हती. म्हणून घरातले मूल ‘असे का?’ विचारील तेव्हा त्याला गप्प करू नका. उत्तर येत नसेल तर त्याच्याबरोबर शोधायला बसा.